वाऱ्याच्या आड उभी झाडं

माझ्या लग्नाच्या बोलणीत होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा नेमकं काय काम करतो?" माझे मामा गडबडले आणि म्हणाले, "सरकारात आहे. झाडं मोजतो." सासऱ्यांनी पुढे विचारलं, "कसली झाडं?" मामा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बहुतेक मेलेली." शेवटी 'सरकारात' या एका शब्दाने माझी बाजू सावरली आणि लग्न ठरलं. पुढे कित्येक वर्षं सासुरवाडीला मी गेलो की मेहुणे अंगणातलं वठलेलं शेवग्याचं झाड दाखवून विचारत, "हे मोजलंत का?"

मामांनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी आखल्या जात होत्या, रस्त्यांच्या रेघा पडत होत्या, आणि आमच्या खात्यातल्या कुणा शहाण्या वरिष्ठाला आठवण झाली की या मुलखात मागच्या पिढ्यांनी ठिकठिकाणी वारा अडवायला झाडांच्या रांगा लावल्या आहेत. कुणी स्वतःच्या बागेसाठी, कुणी गावच्या गुरांसाठी, काही सरकारनेच उघड्या माळावर. जुन्या नकाशांवर त्या रांगा ठिपक्यांच्या ओळींनी दाखवलेल्या होत्या. त्यातलं आज काय उभं आहे, काय गेलं, याचा नवा नकाशा काढायचा होता. शेतकीची पदविका आणि मोजणीचं शिक्षण, दोन्ही असलेला खात्यात मी एकटाच निघालो. शिवाय तरुण होतो आणि सायकल स्वतःची होती. काम माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वारा अडवणारी रांग म्हणजे भिंत नव्हे. भिंतीवर आपटलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे धिंगाणा घालतो, त्याने पिकाची जास्तच नासाडी होते. झाडांची रांग वारा अडवत नाही, गाळते, आपण चहा गाळतो तसा. बाहेरच्या अंगाला जांभूळ, शिरीष अशी उंच झाडं, आतल्या अंगाला करंज, शेवरी अशी दाट आणि बुटकी. अशा रांगेमागे झाडांच्या उंचीच्या कितीतरी पट लांबपर्यंत वारा मवाळ होऊन जातो. पेरूच्या फुलोऱ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पेरू फुलतो मृगात आणि आमच्याकडे पश्चिमेचा वारा पिसाळतो तोही तेव्हाच. रांगेत खिंडार पडलं की मात्र सगळा वारा तिथे गोळा होतो आणि नेहमीपेक्षा जोरात आत घुसतो. म्हणून मोडकी रांग कधीकधी रांग नसण्यापेक्षा वाईट.

माझ्या नकाशाची भाषाही तशीच सोपी होती. सलग उभी रांग हिरव्या अखंड रेघेने दाखवायची. खिंडार पडलेली मोडकी रांग तुटक हिरव्या रेघेने. पूर्ण गेलेली काळ्या ठिपक्यांनी. वरून हुकूम असा होता की नव्या रस्त्यांनी हिरव्या अखंड रेघेला वळसा घालायचा, तुटक रेघेवरून खुशाल जायचं. त्यामुळे माझ्या शाईच्या एका उचल-टेकवीवर एखादी बाग जगायची किंवा उघडी पडायची. आम्हा भूमापकांना सहसा कुणी इतका भाव देत नाही, त्यामुळे मी त्या दिवसांत छाती थोडी पुढे काढूनच चालत असे.

माझ्याबरोबर मोजणीची साखळी ओढायला म्हादू होता. चाकणकडचा, चाळिशीचा, उंच आणि तोंडाने तिखट. गेलेल्या झाडांचा माग काढायच्या आमच्या काही युक्त्या होत्या. जमिनीतला खोलगट भाग, नांगराला लागणारी जुनी मुळं, बांधाला कारण नसताना आलेला फुगवटा. पण सगळ्यात खात्रीची खूण दुसरीच होती. गावात गेलं की मी झाडांबद्दल विचारतच नसे. मी विचारायचो, "तुमचं खळं कुठं आहे?" कारण मळणी झाली की धान्य उफणायला वारा लागतो. उंच तिवईवर उभं राहायचं, धान्याची पाटी वरून हळूहळू सोडायची, दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्याबरोबर बाजूला जातो. वारा नसेल तर दोन्ही एकत्र पडतं आणि दिवस फुकट जातो. त्यामुळे शेतकरी खळं कधीही झाडांच्या आडोशाला करत नाही. ज्या गावात चांगली सपाट जागा सोडून सगळी खळी कुठेतरी लांब उघड्यावर केलेली दिसली, तिथे मधल्या पट्ट्यात कधीतरी रांग उभी होती हे मी डोळे मिटून सांगत असे.

माणसं मात्र झाडांपेक्षा अवघड. चाकणला एका कांदेवाल्या बागायतदाराने आम्हाला बसायला घोंगडी दिली, चहा दिला, आपुलकीने चौकशी केली आणि ठामपणे सांगितलं, "इथं कंदी झाडंच नव्हती. नकाशा खोटा." स्वतः मात्र बांधावर जिथे बसला होता तिथून हलायला तयार नाही. धोतराचा सोगा चारी बाजूंनी नीट पसरून बसलेला. आम्ही निघालो तरी निरोप द्यायला उठला नाही. वाटेत म्हादू म्हणाला, "सायेब, मानूस बसला व्हता त्यो बुंध्यावर. जांभळाचा हाय." परत फिरून पाहिलं तर गृहस्थ अजून तिथेच बसलेले. नकाशावर काळे ठिपके काढले आणि पुढे निघालो.

आणि निगडीचा माळ. त्याची आठवण अजून टोचते. जुन्या नकाशावर तिथे शिरीषाची एवढी लांब रांग होती की मी ती पाहायला उतावीळ झालो होतो. प्रत्यक्षात एकच झाड उभं. बाकी सगळी रांग एकाच मोसमात तोडून भट्टीला गेली होती, आणि तीही आम्ही पोचण्याच्या जरासं आधी. तोडण्याआधी मारलेल्या चुन्याच्या खुणा अजून उरलेल्या बुंध्यांवर होत्या. एका धनगराने मेंढ्या त्या एकट्या शिरीषाच्या सावलीत कोंबून बसवल्या होत्या. आज तिथे सेक्टर आहेत, बंगले आहेत, बसचं मोठं स्थानक आहे, माणसं सुखाने राहतात. वाईट काही झालं असं म्हणता येणार नाही. तरी उन्हाळ्यात तिथे बसची वाट पाहत उभा राहिलो की मला वाटतं, आपण एखादा महिना आधी आलो असतो तर.

म्हणूनच रहाटणीची रांग मला हातची जाऊ द्यायची नव्हती.

रहाटणीच्या पश्चिमेला करंज आणि जांभळाची एक देखणी दुहेरी रांग होती. तिच्या आडोशाने पेरूच्या बागा होत्या, आणि त्यातली मोठी बाग सोनाबाईची. नवरा गेल्यापासून ती बाग एकटी सांभाळणारी, साठीची, आवाजाने अख्खी रहाटणी जागी करणारी बाई. तिच्या बागेचा बहार दरवर्षी दस्तगीरभाई बागवान मक्त्याने घेत. ते राहायला सांगवीला, आणि पेरू पुण्याच्या मंडईत नेत. त्या दोघांची घरं त्या पेरूंवर चालायची, आणि पेरू त्या रांगेवर. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

नदीच्या फरशी-पुलापासून औंधच्या दिशेला जो नवा रस्ता निघणार होता, त्याची रेघ नेमकी या रांगेवरून जात होती. रेघ आखणारे इंजिनिअर रेगेसाहेब. पन्नाशीचे, शिडशिडीत, उन्हाळी टोपी घालणारे, आणि सरळ रस्त्याचे कमालीचे भोक्ते. त्यांच्या मते रस्ता म्हणजे ताणलेली दोरी, आणि वळण म्हणजे आखणाऱ्याचा आळस. माणूस मात्र सरळ. माझ्याशी भांडले ते नियमाला धरूनच.

भांडण होतं रांगेच्या मधोमध असलेल्या एका मोकळ्या जागेवरून. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी ती जागा. दोन्हीकडे झाडं अगदी तालेवार, पण मध्ये काहीच नाही. मी ती जागा नखाने उकरल्यासारखी तपासली होती. बुंधा नाही, मूळ नाही, खोलगटपणा नाही. म्हणून माझ्या नकाशावर तेवढा तुकडा पेन्सिलीतच ठेवला होता. हिरवी शाई लावायला हात होईना आणि तुटक म्हणायलाही मन होईना.

"अहो, खिंडार ते खिंडार," रेगेसाहेब म्हणाले. "बुंधे लोकांनी जळणाला खणून नेले असतील."

"खणले असते तर माती हललेली दिसली असती, साहेब."

"माती काय, दहा पावसाळ्यांत बसते. मला कारण द्या. इथे झाड नव्हतंच, तर का नव्हतं?"

शेवटी ठरलं की दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांनी मिळून जागेवर पाहणी करायची आणि तिथेच रेघ कायम करायची. पावसाआधी काम सुरू व्हायचं होतं, म्हणजे पुढची तारीख मिळणार नव्हती. परतताना म्हादूने गावात पाणी प्यायला थांबून कुणाला तरी सांगितलं की सगळं त्या खिंडीवर अडलंय. त्याने ते चांगल्या मनानेच सांगितलं. सोनाबाई तेव्हा गावात नव्हती, पिंपळ्याला लेकीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. खिंडार नाहीसं झालं होतं. तिथे हिरवीगार झाडं उभी होती.

जवळ गेल्यावर कळलं. दस्तगीरभाईंनी गावातली चार धट्टीकट्टी माणसं घेऊन सकाळी सकाळीच शेवरीच्या आणि करंजाच्या लांब फांद्या तोडल्या होत्या, बांबूंना बांधल्या होत्या, आणि तीन-चार पदरी दाट ओळ करून त्या खिंडीत रोवल्या होत्या. काम सफाईचं होतं. पण चैत्राचं ऊन. दुपारपर्यंत सगळी पानं माना टाकून लोंबायला लागली होती.

रेगेसाहेबांनी एका 'झाडाला' हात लावला. ते सावकाश त्यांच्या अंगावर कलंडलं.

"ही कोणती जात हो?" ते मला म्हणाले. "हिला मुळं नसतात वाटतं."

म्हादू आकाशात घारी शोधू लागला. दस्तगीरभाई पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, गलती माझी. नकाशेवाल्या साहेबांना यातलं काहीच माहीत नाही. आमची रोजी जाईल म्हणून केलं."

"म्हणजे खिंडार आहे हे तुम्हालाही मान्य," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

ही रांग गेली, आणि गावकऱ्यांच्या नाटकात मीही सामील होतो असा बोभाटा झाला तर बाकीच्या नकाशावर तरी कोण विश्वास ठेवणार? मला त्या फांद्यांचा इतका राग आला होता की एकेक उपटून दस्तगीरभाईंच्या पागोट्यात खोचावी असं वाटलं.

इतक्यात रांगेच्या पलीकडून आरोळी आली.

"कुनी मुडद्यानं माजं दार बुजवलं रं?"

सोनाबाई होती. दुपारी लेकीकडून परतली ती तडक खळ्यावर गेली होती, कारण गव्हाची मळणी होऊन पडली होती आणि दुपारचा पश्चिमेचा वारा उफणणीला सगळ्यात चांगला. खळं त्या खिंडीच्या बरोबर मागे होतं. तिवईवर चढून तिने पाटी सोडली, आणि गहू आणि भुसा दोन्ही तिच्याच पायाशी ढीग होऊन पडले. केसांत, पदरावर, भुवयांवर भुसा घेऊन ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, जरा गप," दस्तगीरभाई दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब आलेत."

"आलेत तर बसा म्हनावं झाडाखाली, पानी पिया म्हनावं. आदी माजा वारा सोडा. समदा गहू मातेऱ्यात गेला की!"

रेगेसाहेबांची पेन्सिल हवेतच राहिली. "बाई, दार कसलं?"

"ह्येच की!" तिने त्या फांद्यांकडे हात केला. "सासऱ्यानं ही झाडं लावाया काढली तवा सासू आडवी आली. म्हनली, बागंला आडोसा करताय, करा. पर माज्या खळ्याला वारा ठेवा, न्हाईतर मी हितनं हलत न्हाई. मंग त्येवढी जागा सोडली. म्हागं घर हाय, गोठा हाय. भुसा उडतोय त्यो नीट गोठ्याम्होरं पडतोय. बाग कडंला ऱ्हाती, तिला काय धक्का न्हाई."

मी खिंडीतून पलीकडे पाहिलं. खळं, त्यामागे घर, घराला लागून गोठा, आणि दोन्ही अंगांना पेरू. इतक्या वेळा इथे साखळी टाकून मी गेलो होतो. गावोगाव खळ्यावरून गेलेल्या रांगा शोधणारा मी, इथे रांग समोर उभी होती म्हणून खळ्याबद्दल विचारलंच नव्हतं.

"साहेब, म्हणूनच बुंधे नाहीत," मी आनंदाने म्हणालो. "इथे झाड कधी लावलंच नव्हतं."

रेगेसाहेबांनी मान हलवली, पण ते पुराव्याशिवाय पुढे जाणारे नव्हते. "काढा त्या फांद्या," ते म्हणाले. माणसांनी सकाळच्या दुप्पट उत्साहाने फांद्या उपटल्या. अडलेला वारा भस्सकन आत शिरला. सोनाबाई तिवईवर चढली, पाटी वर धरली, आणि दाण्यांची सोनेरी धार सरळ खाली, भुसा ढगासारखा गोठ्याकडे.

"आता परत लावा."

दस्तगीरभाईंना वाटलं साहेबांचं डोकं फिरलं. पण फांद्या परत लागल्या. पुन्हा पाटी सोडली. दोन्ही पायाशी.

"आता तिवई तिकडे न्या. त्या खऱ्या करंजांच्या मागे."

तिथेही भुसा जिथल्या तिथे. एक काडी उडाली नाही. मग फांद्या कायमच्या निघाल्या, आणि साहेबांनी टोपी माझ्या हातात देऊन सोनाबाईला विचारलं, "मी करून पाहू?"

"करा की. पर पाय रोवून उभं ऱ्हावा."

ते तिवईवर चढले. पाटी हातात तिरकी झाली, पहिली धार दाण्यांसकट गोठ्यावर गेली आणि तोवर जमलेलं सगळं गाव हसलं. साहेबही हसले. दुसऱ्या वेळी हात बसला. तिसऱ्या वेळी तर ते उतरायलाच तयार होईनात. शेवटी सोनाबाईनेच पाटी काढून घेतली, म्हणाली, "पुरं आता, वारा पडायच्या आत माजं आवरू द्या."

ते खाली आले, मिशीतला भुसा झटकला आणि मला म्हणाले, "ही रांग मोडकी नाही. हिला दार आहे. लावा हिरवी शाई." मी तिथेच खळ्याच्या कडेला बसून रेघ ओढली. मग त्यांनी स्वतःच्या नकाशावरची ती लाडकी सरळ रेघ खोडली आणि रांगेला वळसा घालणारी नवी काढली. काढताना मात्र कुणी दात उपटत असल्यासारखा चेहरा केला होता.

सोनाबाई माझ्या खांद्यावरून पाहत होती. "आन् दार?" तिने विचारलं. "दार काढा की त्यात. न्हाईतर उद्या कुनीतरी सरकारी मानूस यील आन् रिकामी जागा बघून झाड लावून जाईल." तिचं म्हणणं मला पटलं. पण आमच्या खुणांमध्ये सोडलेल्या जागेला खूणच नव्हती. मी हिरव्या रेघेत दोन छोट्या उभ्या रेघा काढल्या, दाराच्या चौकटीसारख्या. पुढे ती खूण खात्याने तशीच उचलली.

आणि एवढ्यावर थांबलं नाही. ती खूण हातात आल्यावर मी आणि म्हादूने मोडक्या म्हणून लिहिलेल्या सगळ्या रांगा पुन्हा पालथ्या घातल्या. प्रत्येक खिंडारामागे जाऊन पहिला प्रश्न, खळं कुठं होतं? ताथवड्याला सापडलं. चऱ्होलीला सापडलं. चाकणच्या एका रांगेत तर दोन शेजाऱ्यांची दोन दारं होती, कारण त्यांचं एकमेकांशी पटत नसे. तुटक रेघा एकेक करून अखंड होत गेल्या. माझ्या नोकरीत एवढं सुख मला कशाने दिलं नाही. मरणाच्या यादीतल्या रांगा माझ्या हातांनी जिवंत झाल्या, असं मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे कौतुकाने पाहून हसले.

त्या मृगात वारा नेहमीसारखाच पिसाळला. रस्त्याचं काम वळसा घेऊन पुढे निघून गेलं होतं आणि रहाटणीचा फुलोरा झाडावर टिकला. हिवाळ्यात एके दिवशी दस्तगीरभाई पेरूंची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या कचेरीत आले. रेगेसाहेब कामासाठी आमच्याकडेच बसले होते.

दस्तगीरभाईंनी पाटी टेबलावर, पसरलेल्या नकाशाच्या बाजूला ठेवली. "सोनाबाईने पाठवलीय. म्हणाली, बहाराची पहिली पाटी त्या वाकड्या रस्त्याच्या साहेबाला."

साहेबांनी एक पेरू उचलला, बाहीला पुसला, आणि चावा घेत म्हणाले, "तीस वर्षं सरळ रस्ते काढतोय. कुणी पेरू दिला नव्हता."